यंत्र कुणी थांबवायचे?

दिवाळी उरकली की सेलू तालुक्यात कापसाच्या गाड्या रस्त्यावर येतात. जिंतूर, सेलू आणि मंठा-जालन्याकडचे रस्ते देवगाव फाट्यावर एकमेकांना मिळतात. त्यामुळे यंदा माल कुठल्या दिशेने चालला आहे, याचा अंदाज फाट्यावर चहा घेता घेताही बांधता येतो. यातला बराच माल सेलू, मानवत आणि परभणीच्या जिनिंगमध्ये जातो. हंगाम चार-पाच महिन्यांचा. एवढ्या अवधीत जिन जितके तास फिरेल तितकीच मालकाची वर्षाची कमाई. दारात गाड्यांची रांग लागलेली असताना आतले एखादे यंत्र वेगळा आवाज करू लागले, तर ते बंद करायचे की रेटायचे, हा प्रश्न सव्वाशे वर्षे जुना आहे.

देखभाल-दुरुस्तीचा इतिहास सहसा साधनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी तेलाची बुधली होती, मग नोंदवही आली, मग संगणक. मराठवाड्यातून पाहिले तर तो वेगळा दिसतो. काय बिघडले आहे हे कामगाराला बहुतेक वेळा आधीच कळलेले असे. ‘बंद करा’ म्हणण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नसे. तो अधिकार कुणाकडून कुणाकडे गेला, ही या इतिहासातली खरी गोष्ट आहे.

निजामाच्या राज्यात मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली. सेलू, मानवत रोड, परभणी ही स्थानके तिच्यावरचीच. अवजड बॉयलर, इंजिने आणि जिन या भागात आणणे आणि दाबून बांधलेल्या रुईच्या गाठी मुंबईकडे पाठवणे रेल्वेमुळे परवडू लागले. त्या काळच्या कारखान्यात शक्तीचे उगमस्थान एकच असे. एक वाफेचे इंजिन, त्याने फिरणारा एक लांबलचक शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक जिनकडे गेलेला पट्टा. एखादा जिन अडला तर त्याचा पट्टा मोकळ्या चाकावर सरकवता येई. शाफ्टचे बेअरिंग तापले तर मात्र सगळा कारखाना थांबवावा लागे. म्हणून ते थांबवत नसत. चालत्या शाफ्टवरच तेल सोडले जाई आणि ते सोडणाऱ्या माणसाच्या अंगावर धोतर असे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या बाविसाव्या कलमात चालत्या यंत्राजवळचे काम खास प्रशिक्षित प्रौढ पुरुषानेच, तेही अंगासरशा घट्ट कपड्यांत करावे आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, अशी अट होती. ही अट सुचायला किती धोतरांचे सोगे पट्ट्यात गेले असतील, ते कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते.

जिनही मोठे हट्टी यंत्र. फोन्स मॅकार्थी या अमेरिकी माणसाने १८४० मध्ये पेटंट घेतलेली रोलर जिनची कल्पना आजही आपल्याकडच्या डबल रोलर जिनमध्ये जिवंत आहे. चामड्याचा खरबरीत रोलर कापसाचे तंतू धरून ओढतो, त्याला टेकलेले स्थिर पाते सरकीला अडवते आणि वरखाली हलणारे पाते तिला ठोकून वेगळी करते. रुई पलीकडे जाते आणि सरकी खाली पडते. चामडे तंतू ओढते ते त्याच्यावर चर असतात म्हणून. घासून घासून चर बुजतात, रोलर गुळगुळीत होतो आणि तासाला निघणारी रुई घटू लागते. मग रोलर काढून त्यावर पुन्हा चर पाडायचे. पात्यांमधले अंतर चुकले तर सरकी फुटते आणि तिचे तुकडे रुईत मिसळतात. शिवाय कापसाबरोबर एखादा खडा किंवा खिळा आत गेला तर ठिणगी पडते. जिनिंगमध्ये ठिणगी पडल्यावर काय होते, हे परभणी जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको.

या यंत्राने जिन फिटरला एक गोष्ट फार लवकर शिकवली. चर पाडायला वेळ लागतो, तेवढा वेळ जिन रिकामा ठेवणे परवडत नाही. म्हणून तयार रोलर हाताशी ठेवायचा, झिजलेला काढून तो चढवायचा आणि काढलेल्यावर सवडीने काम करायचे. सुटा भाग बदलून यंत्र चालू ठेवण्याची ही पद्धत पुढे विमान कंपन्यांनी आणि रेल्वेने मोठ्या प्रमाणावर राबवली. इथे ती पोटापाण्याच्या हिशेबातून आली होती. कागदावर मात्र काहीच नव्हते. कोणत्या जिनचा रोलर कधी बदलला, हे फिटरच्या डोक्यात असे आणि फिटर दुसरीकडे गेला की ते त्याच्याबरोबर जाई.

कापडगिरण्यांत पैसा जास्त होता, तरी शहाणपण तिथेही फुकट मिळाले नाही. जमशेदजी टाटांनी नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा यंत्रसामग्रीत काटकसर केली होती. हलक्या यंत्रांनी लवकरच त्रास दिला, ती बदलावी लागली आणि पुढे १८८३ च्या सुमारास त्यांनी त्या काळी नवे असलेले रिंग स्पिंडल बसवून पाहिले. मुंबईच्या गिरण्यांची यंत्रे लँकेशायरची आणि ती जोडणारे, सुधारणारे बडे तंत्रज्ञही तिकडचेच. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचे व्हीजेटीआय, १८८७ मध्ये निघाले, त्यामागे ही परावलंबनाची खंत होती.

यंत्र थांबवण्याचा पहिला खरा अधिकार ना फिटरला मिळाला, ना मालकाकडे राहिला. तो सरकारी माणसाच्या हातात गेला आणि त्याला बॉयलर कारणीभूत झाला.

१८६३ मध्ये कोलकात्यात बॉयलरचा स्फोट होऊन माणसे मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनी आपापले कायदे केले आणि नियमांची खिचडी झाली. शेवटी १९२३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच बॉयलर कायदा आला. नोंदणी नसलेला बॉयलर चालवायचा नाही. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त बारा महिने. अपघात झाला तर चोवीस तासांत कळवायचे. कारखान्यातल्या कुठल्याही यंत्राला याआधी अशी वागणूक मिळाली नव्हती. बॉयलर चालू स्थितीत, उत्तम वाफ देत असला तरी वर्षातून एकदा त्याला विझवायचे, थंड करायचे, रिकामा करायचा, झाकणे उघडायची, आतले क्षार खरवडायचे आणि मग निरीक्षकाला आत उतरू द्यायचे. त्यानंतर पाणी भरून दाबाची चाचणी. काळ्या खडकातल्या विहिरींच्या जड पाण्यावर चालणाऱ्या बॉयलरमध्ये खरवडायला भरपूर मिळे. हल्ली ‘प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स’ म्हणून जे शिकवले जाते, त्याचा आपल्याकडचा जुना आणि सक्तीचा नमुना हाच. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे निजामाच्या मुलखात आपोआप लागू होत नसत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाल्यावर आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर इथल्या चिमण्या इतरांच्याच नियमाखाली आल्या. महाराष्ट्रात या खात्याला बाष्पके संचालनालय म्हणतात. हा सरकारी शब्द दचकवतो, पण कारखान्याच्या मालकाला त्याहून जास्त दचकवत असे ते त्याचे प्रमाणपत्र.

माणसांच्या बाबतीत कायदा एवढा तत्पर नव्हता. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभरावर कामगार असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. हंगामी जिनिंग त्यातून सहज निसटले. मुंबई सरकारने १८८४-८५ मध्ये नेमलेल्या आयोगापुढे खानदेशातल्या जिनिंग कारखान्यांची हकीकत आली, तेव्हा तिथल्या बायका दिवसाला अठरा तास आणि त्याहूनही अधिक राबतात, हे नोंदले गेले. यंत्राला विश्रांती नाही म्हणून माणसाला नाही, असा तो हिशेब. १८९१ च्या दुरुस्तीने कायद्याची कक्षा पन्नास कामगारांपर्यंत खाली आणली.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात आणखी एक हंगामी उद्योग वाढला आणि त्याने देखभालीला चक्क पंचांगात जागा दिली. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या या प्रयोगानंतर राज्यभर कारखाने उभे राहिले. पुढे ते परभणी जिल्ह्यातही गंगाखेड, पाथरीच्या बाजूला आले. साखर कारखान्याचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. गाळप संपले की उन्हाळ्या-पावसाळ्याचा काळ ‘ऑफ सीझन’चा. टर्बाइन उघडायची, पंप उघडायचे, उसाच्या चिपाडात आणि मातीत घासलेले मिलचे रोलर काढायचे, त्यांवर भर घालून पुन्हा खाचा पाडायच्या. दुरुस्त रोलर जागेवर बसवण्याच्या दिवशी ‘रोलर पूजन’ होते. दसऱ्याच्या आसपास ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ होते. मग मोळी टाकून गाळपाचा शुभारंभ. संचालक मंडळ सपत्नीक पूजेला बसते आणि बातमी फोटोसह छापून येते. बाहेरच्या माणसाला ही हौस वाटेल. प्रत्यक्षात यातली प्रत्येक पूजा म्हणजे दुरुस्तीच्या कामाची जाहीर मुदत असते. अग्निप्रदीपनाची तारीख पत्रिकेवर छापली की त्याच्या आत बॉयलरच्या नळ्या बदलून झालेल्याच पाहिजेत. कार्यकारी संचालकाच्या टेबलावरच्या तक्त्यापेक्षा या पत्रिकेचा धाक जास्त.

साखरेच्या धंद्याने दुसरी एक चांगली सवय लावली. मिल किती तास बंद राहिली आणि का, याची कारणवार नोंद ठेवली जाऊ लागली. यांत्रिक बिघाड, विजेचा बिघाड, ऊस नाही, साफसफाई, पाऊस. बाष्पीभवनाच्या भांड्यांत क्षार धरतात म्हणून हंगामाच्या मध्येही ठरवून थांबायचे, हे इथे गृहीत आहे. १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरीला स्थापन झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था तांत्रिक कार्यक्षमतेचे पुरस्कार देते. त्यामुळे कुणाची मिल किती तास बंद होती, हा आता शेजारच्या तालुक्यानेही विचारायचा प्रश्न झाला आहे.

सगळे यंत्र ठरल्या वेळी सोडवून पुन्हा जोडायचे, ही पद्धत शहाणपणाची वाटते. तिला पहिला धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांची दर पन्नास तासांच्या उड्डाणांनंतर कसून तपासणी होई. सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाच्या गटाने बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या, तर तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढलेले दिसले. धडधाकट यंत्र उघडून जोडताना माणसाचा हात नवे दोष पेरत होता. हा अभ्यास पुस्तकरूपाने बाहेर यायला १९७३ साल उजाडले. मग १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनले नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांनी अभ्यासलेल्या विमानांच्या भागांपैकी ८९ टक्क्यांना ‘इतके तास झाले की बदला’ या नियमाचा काहीच फायदा नव्हता. झीज दिसते तिथे तारखेने बदला, बाकीच्या भागांची लक्षणे पाहा, असा त्याचा रोख. जिनच्या रोलरला पहिला नियम लागू पडतो, कारण चामडे झिजतेच. मोटारीच्या बेअरिंगला दुसरा. मराठवाड्यातल्या फिटरने स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकणे, हा त्याच दुसऱ्या नियमाचा बिनखर्ची अवतार होता.

जपानने तिसरीच वाट काढली. टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या निप्पोनडेन्सो कंपनीत १९७० च्या आगेमागे देखभालीचा मोठा वाटा यंत्र चालवणाऱ्या कामगाराकडेच दिला गेला. पुसायचे, तेल घालायचे, नट आवळायचे आणि काही वेगळे दिसले तर सांगायचे, हे सगळे त्यानेच. सेइची नाकाजिमा यांनी या पद्धतीचा ‘टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स’ म्हणजे ‘टीपीएम’ या नावाने प्रसार केला. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्याभोवती सुट्या भागांचे पुरवठादार जमले आणि पुढे टीपीएमही इकडे आली. परभणी-जालन्याच्या खेड्यांतून आयटीआय करून वाळूजला गेलेल्या पोरांच्या तोंडी ‘फाइव्ह एस’, ‘ब्रेकडाऊन अ‍ॅनालिसिस’ हे शब्द बसले ते तिथे.

त्याच सुमारास भोपाळ घडले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा बंद केलेली होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी सोडवलेली होती. काटकसरीत पहिली कात्री देखभालीलाच लागते, याचा याहून भयानक दाखला देशात नाही. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे नवे प्रकरण आले. त्यातल्या ४१-एच कलमाने कामगाराला निकटच्या धोक्याची सूचना मालकाला, व्यवस्थापकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही देण्याचा हक्क दिला. सूचना देण्याचा, थांबवण्याचा नव्हे. थांबवायचे की नाही हे व्यवस्थापनाची खात्री पटण्यावर राहिले.

परभणीच्या दक्षिणेला परळीचे औष्णिक वीज केंद्र आहे. तिथला पहिला तीस मेगावॅटचा संच १९७१ चा. मग १९८० च्या दशकापर्यंत २१० मेगावॅटचे तीन आणि २००७ नंतर अडीचशेचे संच आले. एवढे मोठे यंत्र थांबवायचे तर राज्याच्या भार नियमनाचे वेळापत्रक पाहावे लागते. नळी फुटून संच बंद पडला तर लगेच, आणि वार्षिक दुरुस्ती मात्र पावसाळ्यात, मागणी उतरल्यावर. पण परळीला थांबवले ते यापैकी कशानेही नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी सगळे केंद्र बंद करावे लागले. २०१५ च्या जुलैत पुन्हा तेच. बंद यंत्राला देखभाल लागत नाही असे वाटणाऱ्याने अशा वेळी तिथे जावे. टर्बाइन बंद केल्यावर तिचा तापलेला रोटर तसाच सोडला तर स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून तो गार होईपर्यंत बॅरिंग गिअरवर संथ फिरवत ठेवतात. बॉयलरच्या नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्यांत नायट्रोजन किंवा रसायन मिसळलेले पाणी भरून ठेवतात. एक युनिटही वीज न बनवता पाळीपाळीने माणसे कामावर येत राहतात. येलदरीच्या धरणावर १९६८ पासून असलेले साडेबावीस मेगावॅटचे जलविद्युत केंद्र तुलनेने साधे. तरी धरणात पाणीच नसले की त्याचेही तेच.

शेतापर्यंत येईतो या सगळ्या शास्त्राचा धागा फारच विरळ होतो. रब्बीत एकदम सगळ्या मोटारी चालू होतात, दाब पडतो, मोटार जळते आणि फाट्यावरच्या वाइंडिंगवाल्याकडे जाते. डीपी जळाली तर दुसरे रोहित्र येईपर्यंत गहू-हरभऱ्याला पाणी नाही. रोहित्रातले तेल आणि त्यावरचा भार वेळेवर तपासला तर यातला बराच त्रास टळतो, हे शेतकऱ्यापासून लाइनमनपर्यंत सर्वांना ठाऊक आहे.

जिनिंगमधला बदल उशिरा आला, पण आला तेव्हा मुळापासून. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. जिनिंगवाल्याला काम मिळे आणि दर ठरलेला असे. रुई कचरामुक्त निघाली म्हणून चार पैसे जास्त मिळत नसत. मग नव्या यंत्रावर खर्च कोण करणार? २००० च्या फेब्रुवारीत केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. त्याच्या चौथ्या भागात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान होते. हवेने कापूस वाहून नेणाऱ्या नळ्या, आपोआप भरणारे फीडर, पक्के ओटे, नव्या प्रेस आल्या. लांब शाफ्ट आधीच मागे पडत होता. आता प्रत्येक जिनला स्वतःची मोटार हा नियमच झाला. माझ्या मते देखभालीच्या दृष्टीने या यादीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच. एक जिन बंद केला तर बाकीचे चालू राहतात, म्हणून तो बंद करायला मालकाची परवानगी मागण्याचे कारण उरत नाही. फिटर बटण दाबतो आणि रोलर काढतो. त्या रोलरच्या चामड्याचीही चौकशी झाली. क्रोमने कमावलेल्या चामड्याची झीज म्हणजे रुईत आणि कामगाराच्या श्वासात जाणारे क्रोमियम. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याऐवजी रबर आणि सुती कापडाच्या थरांचे रोलर करून पाहिले.

आता बेअरिंगचे कंपन आणि तापमान मोजणारे सेन्सर साखर कारखान्यांपासून मोठ्या जिनिंगपर्यंत येऊ लागले आहेत आणि इशारा मोबाइलवर येतो. बॉयलरचा जुना सरकारी पहाराही बदलला. २००७ च्या दुरुस्तीने खात्याच्या निरीक्षकाखेरीज मान्यताप्राप्त ‘सक्षम व्यक्तीं’ना तपासणीची मुभा दिली आणि १९२३ च्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा बॉयलर कायदा आला. त्यात सातपैकी चार गंभीर गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा राहिली आणि बाकीच्या तिन्हींसाठी दंडावर भागवले गेले. वर्षातून एकदा बॉयलर विझवून उघडणे मात्र टळलेले नाही. त्यामुळे दसऱ्याआधी परभणी जिल्ह्यातल्या कारखान्यांत नळ्या खरवडण्याचे काम चालते आणि अग्निप्रदीपनाच्या पत्रिका त्यानंतरच छापायला जातात.